दोन वह्या आणि एक रुग्ण

(व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या मनात सहजच प्रश्न उद्भवेल की, देवस्थानच्या सभामंडपात अमेरिकेतील औषधांच्या नोंदवह्यांचा ऊहापोह कशासाठी? त्याचे पहिले उत्तर असे की, आपल्या समाजातील कित्येक घरांतले मुलगे, मुली, सुना आणि जावई आज त्या देशात डॉक्टर आहेत, औषधालयांत नोकरीस आहेत, आणि रुग्णांच्या नोंदी ज्या संगणकांवर ठेवल्या जातात त्यांच्या कामातही गुंतलेले आहेत. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विषय वरवर औषधांचा दिसत असला तरी मुळात तो नोंदीचा आहे. आणि नोंदीचे मोल महाजनांस पटवून द्यावे लागत नाही. ज्यांच्या घराण्यांचे हक्क आणि कर्तव्ये पिढ्यान्‌पिढ्या नोंदवहीच्या आधारावर टिकून राहिली, त्यांना एक ओळ लिहिली जाणे किंवा गाळली जाणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक आहे.

रोजकीर्द एकाच्या हाती आणि खतावणी दुसऱ्याच्या हाती असली, आणि दोहोंचा ताळा कधी घेतलाच नाही, तर दोन्ही वह्या प्रामाणिकपणे लिहिलेल्या असूनही हिशेब चुकतो. अमेरिकेत अशाच दोन वह्या वर्षानुवर्षे एकमेकींपासून दूर राहिल्या. पहिली वही राज्य सरकारची. अफूपासून बनलेली वा त्या जातीची वेदनाशामक औषधे, झोपेच्या व मनःशांतीच्या काही गोळ्या, अशी जी नियंत्रित औषधे औषधालयातून दिली जातात, त्यांची नोंद तीत होते: कोणाला, कोणी लिहून दिली, कोठून घेतली, किती गोळ्या, किती दिवसांच्या. दुसरी वही इस्पितळाची. रुग्णाचा आजार, तपासण्या, शस्त्रक्रिया, पूर्वीचे विकार, सध्याचे उपचार, हे सारे तीत असते. पहिल्या वहीला गोळी दिसते, पण दुखणे दिसत नाही. दुसऱ्या वहीला दुखणे दिसते, पण बाहेरून घेतलेली गोळी दिसत नाही.

प्रसंग असा कल्पावा. रात्री दोनच्या सुमारास एक मनुष्य पाठ धरून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येतो. वेदना असह्य आहे असे सांगतो. डॉक्टरने त्याला पूर्वी कधी पाहिलेले नाही. या माणसाने तीन दिवसांपूर्वी शेजारच्या गावी अशाच गोळ्या घेतल्या असतील, किंवा त्याला कोणी झोपेचे असे औषध दिले असेल की अफूजातीच्या औषधाबरोबर घेतल्यास श्वास मंदावून प्राण जावा. उलट, तो खरोखरच वेदनेने तळमळत असेल आणि त्याने आयुष्यात अशी गोळी घेतलीही नसेल. डॉक्टरला निर्णय दोन-चार मिनिटांत करावयाचा आहे, आणि ज्या वहीत उत्तर लिहिलेले आहे ती त्याच्यासमोर उघडलेली नाही. आजच्या विषयाचे सारे मर्म या एका प्रसंगात आहे.

आता थोडे मागे जाऊ. अशा औषधांवर सरकारी नजर ठेवण्याचा पहिला प्रयत्न न्यूयॉर्क राज्याने १९१८ साली केला. तो अल्पकाळातच मागे घेण्यात आला. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने तीन प्रतींच्या औषधचिठ्ठीची पद्धत सुरू केली, आणि खंड न पडता चालत आलेली ती सर्वांत जुनी व्यवस्था होय. न्यूयॉर्कने १९७२ साली पुन्हा कायदा केला. त्यानुसार धोकादायक औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत डॉक्टरने ठेवावी, एक औषधविक्रेत्याने ठेवावी आणि तिसरी राजधानी ऑल्बनी येथील आरोग्य खात्याकडे पाठवावी, असे ठरले. दरमहा सुमारे एक लाख चिठ्ठ्या तेथे येत. त्यांतील मजकूर संगणकाच्या फितींवर चढविला जाई, फिती कुलपबंद कपाटात ठेवल्या जात, खोलीभोवती तारेचे कुंपण व धोक्याची घंटा असे, आणि पाच वर्षांनी हे कागद नष्ट केले जात.

या कायद्याविरुद्ध काही रुग्ण, डॉक्टर आणि डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. त्या रुग्णांत लहान मुलांचे आईबापही होते. आपल्या मुलाचे नाव सरकारी यादीत चढले तर पुढे त्याच्यावर डाग बसेल, ही त्यांची भीती होती. व्हेलन विरुद्ध रो या नावाने प्रसिद्ध असलेला हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७७ साली निकालात निघाला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निकालपत्र लिहिले, आणि कायदा कायम राहिला. तथापि संगणकांत लोकांची खाजगी माहिती प्रचंड प्रमाणात साठविण्यात जो धोका आहे, तो न्यायालयाच्या ध्यानात असल्याचे त्याच निकालपत्रात नमूद झाले. कायदा अमलात आल्यावर पहिल्या वीस महिन्यांत या एवढ्या मोठ्या संग्रहाचा उपयोग रुग्णांच्या चौकशीसाठी अवघ्या दोन प्रकरणांत झाला होता, हेही त्या खटल्यात उघड झाले. कागद गोळा होत होते. ते वाचले जात नव्हते.

त्यानंतर संकट आले ते वेगळ्याच दिशेने. १९९६ साली ऑक्सिकाँटिन नावाची दीर्घकाळ परिणाम करणारी वेदनाशामक गोळी बाजारात आली, आणि अशा गोळ्या फारशा व्यसनकारक नाहीत असा समज डॉक्टरांत पसरविण्यात आला. त्या प्रचाराबद्दल तिच्या उत्पादक कंपनीने, पर्ड्यूने, २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. २०१२ या एका वर्षात अमेरिकेतील डॉक्टरांनी अफूजातीच्या वेदनाशामकांच्या २५ कोटी ९० लाख चिठ्ठ्या लिहिल्या. देशातील प्रत्येक प्रौढ माणसास एकेक कुपी पुरावी, एवढी ही संख्या आहे. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका औषधालयातून दुसऱ्यात, असे फिरून गोळ्या जमविणारे निर्माण झाले. त्यांच्यात धंदेवाईक होते तसेच व्यसनाच्या विळख्यात सापडलेले सामान्य संसारी लोकही होते.

या काळात राज्यांच्या वह्या कागदावरून संगणकावर आल्या. ओक्लाहोमाने १९९० च्या सुमारास विद्युत्‌मार्गाने नोंदी गोळा करण्यास आरंभ केला, आणि पुढे २०१२ मध्ये औषध हाती दिल्यावर पाच मिनिटांत नोंद पोहोचली पाहिजे असा दंडक घातला. एकेक राज्य या मार्गाला लागले. मिसुरी तेवढे मागे राहिले; तेथील राज्यव्यापी कायद्यावर २०२१ साली स्वाक्षरी झाली. परंतु वही असणे आणि ती उघडून पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाहणे ऐच्छिक होते तोवर बहुतेक डॉक्टर ती पाहत नसत. म्हणून केंटकी राज्याने २०१२ साली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी वही पाहणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. न्यूयॉर्क आणि टेनेसी यांनीही तेच केले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पुढे प्रसिद्ध केले की, २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये अनेक डॉक्टरांकडून एकच औषध घेणाऱ्यांची संख्या ७५ टक्क्यांनी घटली आणि टेनेसीत ३६ टक्क्यांनी.

येथे एखादा अनुभवी कारकून विचारील की, मग अडचण कोठे उरली? अडचण उरली ती टेबलावर. सरकारी वही पाहण्यासाठी डॉक्टरला इस्पितळाच्या संगणकावरील रुग्णाची नोंद बंद करावी लागे, सरकारचे निराळे पान उघडावे लागे, निराळा परवलीचा शब्द आठवावा लागे, रुग्णाचे नाव व जन्मतारीख पुन्हा टंकावी लागे, शेजारच्या राज्याची वही पुन्हा वेगळी पाहावी लागे, आणि मग जे दिसले ते ध्यानात ठेवून मूळ नोंदीकडे परतावे लागे. बाहेर पंधरा रुग्ण वाट पाहत असताना हे कोण करणार? कायद्याने सक्ती करता येते. मिनिटे वाढविता येत नाहीत.

याच सुमारास दुसरी वहीही संगणकावर आली. २००९ सालच्या कायद्याने केंद्र सरकारने इस्पितळांना त्यासाठी मोठे अर्थसाहाय्य दिले, आणि काही वर्षांतच तेथील जवळजवळ सर्व इस्पितळांतून कागदी केसपेपर नाहीसे झाले. आता दोन्ही वह्या यंत्रात होत्या. तेव्हा माणसाने एकीतून दुसरीत धावण्याऐवजी वह्यांनीच परस्परांशी बोलावे, ही कल्पना पुढे आली.

तिची रीत समजावयास कठीण नाही. रुग्णाचे नाव इस्पितळाच्या खिडकीवर नोंदविले जाताच यंत्र त्याचे नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता घेऊन राज्याच्या वहीकडे विचारणा पाठविते. मध्ये एक देवघेवीचे केंद्र असते. ते शेजारच्या राज्यांच्या वह्यांनाही तोच प्रश्न विचारते. उत्तर काही क्षणांत परतते, आणि डॉक्टर रुग्णाची नोंद उघडतो तेव्हा औषधांचा इतिहास त्याच पानावर एका कळीच्या अंतरावर हजर असतो. निराळा परवलीचा शब्द नाही, पुन्हा टंकणे नाही. राज्याराज्यांना जोडणारे असे एक केंद्र औषधविक्रय मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०११ साली सुरू केले, आणि इंडियाना, ओहायो व व्हर्जिनिया ही राज्ये आरंभीच तीत सामील झाली. ओहायोच्या राज्यपालांनी २०१५ साली इस्पितळांच्या व औषधालयांच्या यंत्रांना राज्याची वही जोडण्यासाठी पंधरा लाख डॉलरपर्यंत खर्च करण्याचे जाहीर केले. इंडियानाने २०१७ साली तीन वर्षांत सर्व इस्पितळे जोडण्याचा संकल्प सोडला. २०१८ च्या केंद्रीय कायद्याने या जोडणीस पैसा दिला, आणि २०२३ पासून सरकारी विम्याच्या नियमांनुसार इस्पितळांना आपण ही वही पाहतो हे दाखविणे आवश्यक झाले.

मात्र दोन वह्या जोडणे म्हणजे दोन पुठ्ठे एकत्र शिवणे नव्हे. पहिली अडचण ओळखीची. अमेरिकेत प्रत्येक रुग्णास आयुष्यभर पुरेल असा एकच आरोग्य-क्रमांक नाही. १९९६ च्या कायद्यात तशी तरतूद होती. पण खाजगीपणाच्या चिंतेने तेथील संसदेने त्यावर खर्च करण्यासच मनाई केली. त्यामुळे सारी भिस्त नाव आणि जन्मतारखेवर. कामत आणि कामथ, प्रभू आणि परब यांचा घोळ ज्यांनी एकदा तरी निस्तरला आहे, त्यांना यातील संकट विस्ताराने सांगावयास नको. एका माणसाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर गेल्या तर निरपराध रुग्ण व्यसनी ठरतो. एकाच माणसाची दोन नावे झाली तर धोका दिसतच नाही.

दुसरी अडचण कायद्याची. राज्याची वही कोणाच्या ताब्यात असावी, यावर एकमत नाही. कोठे ती आरोग्य खात्याकडे, कोठे औषधविक्रय मंडळाकडे, तर कॅलिफोर्नियात न्याय खात्याकडे. आलेले उत्तर इस्पितळाच्या नोंदीत कायम जतन करावे की पाहून सोडून द्यावे, याचेही नियम राज्यागणिक निराळे. तिसरी अडचण पोकळीची. व्यसनमुक्तीच्या खास केंद्रांतून दिले जाणारे मेथाडोन अनेक वर्षे या वहीत येतच नसे, कारण व्यसनावरील उपचारांची गुप्तता राखणारा स्वतंत्र नियम होता. २०२० साली रुग्णाच्या संमतीने ती नोंद करण्यास मुभा मिळाली. तोवर डॉक्टरसमोरचे पान कोरे दिसे, पण ते खरोखर कोरे आहे याची शाश्वती नसे.

लॅटिन भाषेत एक जुने वचन आहे, आणि लिसेवच्या बाकांवर बसलेल्या पिढीला ते परिचित असेल: बोललेले उडून जाते, लिहिलेले राहते. वचन नोंदीचा गौरव करण्यासाठी सांगितले जाते. पण त्यात एक इशाराही आहे. जे राहते ते कोणाच्या हाती राहते? २००९ च्या एप्रिलअखेर व्हर्जिनिया राज्याच्या औषधनोंदीच्या यंत्रात चोर शिरला, आणि ८० लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी व सुमारे साडेतीन कोटी औषधचिठ्ठ्या आपल्या हाती आल्याचा दावा करून त्याने एक कोटी डॉलरची खंडणी मागितली. कुलपबंद कपाट आणि तारेचे कुंपण यांचा काळ संपला होता. ओरेगन राज्यात प्रश्न चोराचा नव्हता, सरकारचाच होता. केंद्राच्या मादक द्रव्य खात्याने न्यायाधीशाच्या परवान्याविना राज्याच्या वहीतील नोंदी मागितल्या. २०१४ साली खालच्या न्यायालयाने परवाना हवाच असे ठरविले. २०१७ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरविला. रुग्णाने डॉक्टरवर विसंबून दिलेली माहिती पोलिसाच्या टेबलावर कधी जावी, हा प्रश्न तेथे आजही वादाचाच आहे.

याहून सूक्ष्म धोका गुणांकाचा. अनेक ठिकाणी वही नुसता इतिहास दाखवीत नाही. ती त्यावरून एक आकडा काढते, शून्यापासून ९९९ पर्यंत. आकडा मोठा तर धोका मोठा. आकडा कसा आला हे रुग्णाला कळत नाही, आणि घाईतल्या डॉक्टरलाही ते नेहमी उमगत नाही. पाळलेल्या कुत्र्यासाठी पशुवैद्याने दिलेली गोळीसुद्धा काही राज्यांत मालकाच्या नावावर चढते, आणि तेवढ्याने मालकाचा आकडा वाढल्याचे उदाहरण प्रसिद्ध झाले आहे. कर्करोगाचा रुग्ण तीन तज्ज्ञांकडे जातो; वहीच्या दृष्टीने तो तीन डॉक्टरांकडून औषध घेणारा संशयित. मात्र इस्पितळाची वही शेजारी उघडी असेल, आणि ती वाचली जाईल, तर त्याचे कारण त्याच क्षणी समजते. जोडणीचे खरे समर्थन हे आहे: गोळीशेजारी दुखणे दिसावे.

येथे या विषयातील सर्वांत दुःखद भाग सांगणे प्राप्त आहे. वह्या उघडल्या, चिठ्ठ्या घटल्या, २०२० पर्यंत त्यांची संख्या १४ कोटींच्या आसपास आली. पण मृत्यू घटले नाहीत. गोळी महाग आणि दुर्मिळ झाली तसे कित्येक व्यसनाधीन लोक हेरॉइनकडे वळले, आणि २०१३ नंतर बेकायदा फेंटानिल आले, ज्याची चिमूटभर मात्राही प्राणघातक ठरते. २०२१ साली त्या देशात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने १ लाख ६ हजारांहून अधिक माणसे दगावली. हे फेंटानिल कोणत्याही औषधालयातून येत नाही आणि कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. दुसरीकडे, २०१६ साली रोगनियंत्रण केंद्राने केलेल्या शिफारशी काही ठिकाणी इतक्या ताठरपणे लावल्या गेल्या की, वर्षानुवर्षे गोळीच्या आधारे चालते-फिरते असलेल्या रुग्णांचे औषध एकाएकी तोडण्यात आले. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला की, असे एकदम तोडल्याने तीव्र यातना आणि आत्महत्यासुद्धा ओढवते. आणि २०२२ साली मूळ शिफारशीच सुधारण्यात आल्या.

म्हणून रात्री दोन वाजताच्या त्या रुग्णाकडे परत जावे. समजा, दोन्ही वह्या जोडलेल्या आहेत आणि डॉक्टरला दिसले की या माणसाने महिन्यात चार ठिकाणांहून गोळ्या घेतल्या. आता डॉक्टर दोन गोष्टी करू शकतो. तो दाराकडे बोट दाखवू शकतो. मग तो माणूस अशा बाजारात जातो जेथे वही नाही, चिठ्ठी नाही आणि गोळीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. किंवा तो खुर्ची पुढे ओढून विचारू शकतो की, बाबा रे, हे केव्हापासून चालले आहे. आणि त्याला व्यसनावरील उपचाराच्या वाटेला लावू शकतो. वही दोन्ही वेळी तीच, ओळही तीच. वहीने धोका दाखविला एवढेच तिचे काम झाले. पुढचे काम माणसाचे.

या दृष्टीने नेब्रास्का राज्याचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. २०१८ पासून तेथे केवळ नियंत्रित औषधांचीच नव्हे, तर औषधालयातून चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या सर्वच औषधांची नोंद वहीत होऊ लागली, आणि ती वही इस्पितळांमधील माहितीच्या देवघेवीच्या व्यवस्थेतच ठेवण्यात आली. रक्तदाबाची गोळी आणि वेदनेची गोळी एकाच पानावर आल्या. त्यामुळे वहीचे रूप संशयितांच्या यादीचे न राहता उपचारांच्या टिपणाचे झाले.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. भारतातही १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधे देताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी असा नियम आहे. गोव्यातील ज्या दुकानाला जुनी माणसे अद्याप फार्मासी म्हणतात, तेथेही ही वही असते. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आरोग्याच्या नोंदी संगणकाने जोडण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली, आणि प्रत्येकाला आरोग्य-क्रमांक देण्यास आरंभ झाला. अमेरिकेने ज्या वाटेवर ठेचा खाल्ल्या, तिच्या मुखाशी हा देश उभा आहे.

तेव्हा कोणत्याही दोन वह्या जोडण्याआधी चार प्रश्न विचारले जावेत. नोंद ज्याच्याविषयी आहे त्याला ती पाहता येते काय? चुकली तर ती कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करील? उपचारासाठी लिहिलेली ओळ उपचाराखेरीज अन्य कामी कोणाच्या आज्ञेने वापरली जाईल? आणि धोका दिसल्यावर रुग्णाला पाठविण्यासाठी उपचाराची जागा आहे काय? यांपैकी शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चोख असली तरी उपयोग नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले त्या देशात या कामावर आहेत, त्यांनी पुढच्या वेळी दूरध्वनीवर पगार आणि हवापाणी विचारून झाल्यावर हेही अवश्य विचारावे: तुमच्या समोरच्या पडद्यावर तो आकडा दिसतो, तेव्हा तुम्ही प्रथम आकड्याकडे पाहता की माणसाकडे?